घरच्या गॅरेजात दोनखांबी लिफ्ट बसवताना

गाडी उचलायच्या लिफ्टची ऑर्डर देण्याआधी आम्ही गॅरेजच्या जमिनीत भोकं पाडली. जिथे खांब येणार होते नेमकी त्याच जागी, १२ मिलिमीटरचा बिट लावून, खालची माती लागेपर्यंत आरपार. मग तारेच्या टोकाला लहानसा आकडा वळवून ती भोकात सोडली, आकडा काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवला, वर जमिनीच्या पातळीला खूण केली आणि तार बाहेर काढून मोजली. नकाशात लिहिलेल्या जाडीवर विसंबून चालत नाही. खालचा भराव सगळीकडे सारखा चोपलेला नसतो, त्यामुळे एकाच गॅरेजात एका कोपऱ्यात १५० मिलिमीटर आणि दुसऱ्या कोपऱ्यात ९० अशी जाडी निघू शकते.

४ टन क्षमतेच्या दोनखांबी लिफ्टसाठी बरेच उत्पादक किमान १०० ते ११० मिलिमीटर जाडीचं आणि २० ते २५ मेगापास्कल ताकदीचं काँक्रीट मागतात. काही जण १५० ते २०० मिलिमीटर मागतात. आपल्या लिफ्टच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तो शेवटचा. ही जाडी फक्त मूळ काँक्रीटची. वरचा कोबा, टाइल, टाइलखालचा मसाला यातलं काहीही हिशेबात धरायचं नाही, आणि खांबाच्या बुडाखालची टाइल तर काढूनच टाकायची. ती वजनाखाली तडकली की खांब जमिनीला धरणाऱ्या अँकर बोल्टचा ताण तिथल्या तिथे जातो.

एवढा आग्रह कशासाठी, ते आकड्यांत बघावं. २ टनांची गाडी उचलली की प्रत्येक खांबाच्या वाट्याला १ टन येतो. पण हा भार खांबावरून सरळ खाली उतरत नाही. तो गाडीखाली जाणाऱ्या आर्मच्या टोकाला, खांबाच्या मध्यापासून साधारण ९०० मिलिमीटर आत असतो. खांबाच्या बुडाची बेसप्लेट आतल्या बाजूला जेमतेम २५० मिलिमीटर पसरलेली. म्हणजे प्लेटच्या आतल्या कडेवर टेकून खांबाला गाडीकडे कलंडवणारी तरफ ६५० मिलिमीटरची झाली. तिला धरून ठेवतात फक्त बाहेरच्या बाजूचे अँकर, आणि त्यांची तरफ ४०० मिलिमीटरच्या आसपास. खांबाचं स्वतःचं वजन वजा केलं तरी त्या दोन-तीन अँकरवर मिळून जवळपास दीड टनाची वर खेचणारी ओढ येते. गाडी जमिनीला दाबते आणि त्याच वेळी अँकर उपटायला बघते. डोक्यावर आडवी तुळई असलेल्या लिफ्टमध्ये ती तुळई खांबांना आत झुकू देत नाही, त्यामुळे ओढ काहीशी हलकी होते. दोन्ही बाजू सारख्या वर नेणारे वायररोप जमिनीवरच्या पट्टीखालून नेणाऱ्या बुटक्या लिफ्टमध्ये सगळी भिस्त अँकर आणि काँक्रीटवर. आणि घरच्या गॅरेजचं छत बुटकं असतं म्हणून घरी बहुतेक वेळा हीच लिफ्ट बसते.

काँक्रीटची ताकद बघायला रिबाउंड हॅमर, म्हणजे काँक्रीटवर आपटून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण, मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तरी ड्रिल मारताना बरंच कळतं. चांगल्या काँक्रीटमध्ये बिट एकसारखा, हळूहळू उतरतो आणि करडी बारीक पूड येते. बिट लोण्यासारखा आत गेला, वाळू आणि सुटी खडी बाहेर पडू लागली, तर ती जमीन लिफ्टच्या कामाची नाही. दुसरी तपासणी हातोडीने: खांबांच्या जागेभोवती दोन-अडीच फुटांच्या परिघात ठोकत जायचं. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला तर खालचा भराव खचून स्लॅब पोकळीवर उभा आहे असं समजावं. जाडी भरली तरी अशा जागी खांब उभा करू नये.

काही जमिनी सरळ बाद करायच्या. खाली तळघर असलेला स्लॅब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय नाही. आत ताण दिलेल्या तारा असलेल्या, म्हणजे पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबमध्ये ड्रिल लावायचंच नाही. तार तुटली तर जीवघेणं होतं. जमिनीतून गरम पाण्याचे किंवा वायरिंगचे पाइप गेले असतील तर त्यांची वाट आधी शोधावी. सांधे आणि भेगा यांपासून प्रत्येक अँकर किमान १५० मिलिमीटर लांब हवा. अँकर फुगतो तेव्हा भोवतालच्या काँक्रीटला बाहेर रेटतो. शेजारी मोकळी कड असेल तर तो तुकडाच सुटून येतो.

जमीन कमी पडली की जुनं काँक्रीट कटरने कापून नवा पाया ओतायचा. दोन खांबांखाली दोन वेगळे चौकोन ओतण्याऐवजी एकच सलग पट्टा ओतावा हे आमचं ठाम मत. वेगळे चौकोन कालांतराने वेगवेगळे बसतात, आणि एक खांब पाच मिलिमीटर जरी खाली गेला तरी ओळंबा, रोपचा ताण, गाडी उंचीवर धरून ठेवणाऱ्या लॉकचा मेळ सगळंच बिघडतं. ४.२ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २५० मिलिमीटर खोल असा पट्टा घेतला तर सव्वा घनमीटर काँक्रीट लागतं. एम-२५ च्या मिश्रणाला सिमेंटच्या ५० किलोच्या दहाएक गोण्या. खाली १५० मिलिमीटर खडी चोपून, त्यावर जाड प्लॅस्टिक कागद. १२ मिलिमीटरच्या सळईची जाळी दोन्ही दिशांना १५० मिलिमीटर अंतराने, खालून ५० मिलिमीटर कव्हर ठेवून. वरच्या थरातही जाळी हवी, पण बेसप्लेटचा पुठ्ठ्याचा साचा कापून अँकरच्या जागा आधीच आखून घ्याव्यात आणि सळया तेवढ्या जागा टाळून बांधाव्यात. पुढे ड्रिल सळईवर आदळलं की बिटही जातो आणि भोकही वेडंवाकडं होतं. नवा पट्टा जुन्या जमिनीपासून सुटू नये म्हणून कापलेल्या कडेत दर ३०० मिलिमीटरवर सळईचे तुकडे एपॉक्सीने रोवायचे. ओतताना व्हायब्रेटर लावायचा, नुसतं फावड्याने कोचून भागत नाही.

गॅरेजच्या जमिनीला पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतार असतो. नवा पट्टा ओततानाच तो बेसप्लेटच्या जागी सपाट काढून घेतला की पुढे शिमचं, म्हणजे पातळी जुळवायला बेसप्लेटखाली सरकवायच्या पट्ट्यांचं, निम्मं काम वाचतं. पाणी किमान सात ते दहा दिवस मारावं आणि अँकरसाठी ड्रिल २८ दिवसांच्या आत लावू नये. सातव्या दिवशी काँक्रीट वरून दगडासारखं वाटतं, पण ताकद साधारण दोन तृतीयांशच आलेली असते.

उंचीच्या हिशेबात एक घोळ नेहमी होतो. लिफ्टची उचल १.८ मीटर आणि गाडीची उंची १.५ मीटर, म्हणजे ३.३ मीटर छत हवं, असा हिशेब मांडला जातो. पण आर्मच्या टोकाचे पॅड गाडीला टपाखाली नव्हे, जमिनीपासून साधारण २०० मिलिमीटर वर असलेल्या जागी टेकतात. म्हणून पॅड १.८ मीटरवर असताना टप १.८ अधिक १.३, म्हणजे ३.१ मीटरवर येतं. वर १०० ते १५० मिलिमीटर मोकळे सोडावेत. छत याहून खाली असेल तरी लिफ्ट बसू शकते. फक्त ती कोणत्या लॉकवर थांबवायची ते ठरवून मर्यादा स्विच बसवावा. वर उचललेल्या गाडीचं बॉनेट आणि डिकी उघडायची असेल तर त्यांची उंची वेगळी मोजावी. पंखा, ट्यूबलाइट, आणि सगळ्यात आधी गॅरेजचं दार. वर सरकणारं दार उघडं असताना त्याची पत्र्याची पानं नेमकी गाडीच्या टपाच्या जागी येतात. त्यावर उपाय दोन: दाराचे रूळ छतालगत उंच नेऊन मोटर दाराशेजारच्या भिंतीवर घ्यायची, किंवा लिफ्ट इतकी आत बसवायची की गाडी उघड्या दाराच्या मागे राहील. काहीही केलं तरी लिफ्ट वर असताना दार रिमोटने उघडणार नाही असा स्विच जोडावाच.

खांब उभा करायलाही उंची लागते हे लक्षात ठेवावं. बुटक्या लिफ्टचा खांब २.८५ मीटरच्या आसपास असतो. तो आडवा ठेवून बेसप्लेटच्या कडेवर उभा करताना वरचं टोक कर्णाच्या मापाने फिरतं आणि मध्येच खांबाच्या उंचीपेक्षा अडीच-तीन सेंटीमीटर वर जातं. वरच्या तोंडाशी पुली असेल तर आणखी. छत आणि खांब यांत पाच सेंटीमीटर तरी फट नसेल तर खांब अर्ध्यावर तुळईला अडकतो, आणि अडीचशे किलोचं धूड तिरकं धरून उभं राहायची वेळ येते.

रुंदीला बेसप्लेटच्या बाहेरच्या कडांमध्ये साधारण ३.४ मीटर लागतात. दोन्हीकडे माणूस जाईल इतकी वाट धरली तर चार मीटरच्या आतलं गॅरेज अडचणीचं. खांबांची रेघ कुठे मारायची हे गाडीवरून ठरवावं. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना असलेल्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मध्यापासून सुमारे एक मीटर मागे येतो. हा बिंदू आर्मच्या आधाराच्या मधोमध पडायला हवा. सिमेट्रिक लिफ्टमध्ये तो खांबांच्या रेषेत येतो आणि नेमका पुढचा दरवाजा खांबापाशी येऊन उघडेनासा होतो. एसिमेट्रिक लिफ्टमध्ये खांब तिरपे वळवलेले आणि पुढचे आर्म आखूड असतात. गाडी थोडी मागे उभी राहते आणि दार उघडतं. घरी एकट्याने काम करणाऱ्याला दुसरा प्रकार सोयीचा. दोन्ही बाबतींत, गाडी प्रत्यक्ष आत घेऊन, खडूने चाकांच्या जागा आखून, मगच खांबांची रेघ पक्की करावी.

वीज लिफ्ट येण्याआधी तयार हवी. ३ अश्वशक्तीची, म्हणजे २.२ किलोवॅटची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टवर चालू असताना १३ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना पाच-सहा पट, म्हणजे ७० अँपिअर ओढते. मीटरपासून वीस मीटर अंतरावर दीड चौरस मिलिमीटरची वायर असेल तर सुरू होताना तीसेक व्होल्ट वायरमध्येच जातात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, त्यामुळे तो पाऊण हिश्शाच्याही खाली येतो. मोटर नुसती गुणगुणते आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळतं. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर, पक्कं अर्थिंग, आणि मोटरचा सुरुवातीचा झटका सोसणारा डी प्रकारचा एमसीबी. एक्स्टेन्शन बोर्डावर लिफ्ट एकदाही चालवून बघू नये. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच.

लिफ्टचे दोन्ही खांब लोखंडी चौकटीत एकमेकांवर बोल्टने आवळून येतात, सगळं मिळून सहाशे ते आठशे किलो. चौकटीचे बोल्ट काढण्याआधी वरच्या खांबाला चेन ब्लॉक किंवा इंजिन क्रेनचा पट्टा लावलेला असावा. बोल्ट सुटले की वरचा खांब कोणत्याही बाजूला घसरतो. आतली कॅरेजही, म्हणजे आर्म धरून खांबात वर-खाली सरकणारा भागही, मोकळी असते. खांब कलला की ती आतल्या आत धावत येऊन टोकाला आदळते आणि मध्ये बोटं असली तर चिरडते. म्हणून हलवण्याआधी कॅरेज बुडाशी नेऊन दोरखंडाने जखडून टाकावी. जमिनीवरून सरकवायला दीड इंची पाइपचे तीन-चार तुकडे रूळ म्हणून पुरतात.

पॉवर पॅक (मोटर, पंप आणि तेलाची टाकी) बसणारा मुख्य खांब आधी उभा करावा. रेघेवर बेसप्लेट जुळवली, काटकोन तपासला, की बेसप्लेटच्याच भोकांतून ड्रिल मारायचं. आधी खुणा करून, खांब बाजूला घेऊन भोकं पाडण्यात काही फायदा नाही, मापं हटकून चुकतात.

अँकरच्या भोकाबद्दल सविस्तर सांगायलाच हवं, कारण सगळ्या लिफ्टचा भरवसा प्रत्येक खांबाच्या त्याच पाच-सहा भोकांवर आहे. बरेचसे अँकर पाऊण इंची, म्हणजे १९ मिलिमीटरचे येतात. हाताशी बिट असतो २० चा. एका मिलिमीटरने काय होतंय म्हणून तोच लावला की अँकरची पकड-पट्टी भोकाच्या भिंतीला पुरेशी रेटत नाही आणि नट आवळताना अख्खा अँकर गरगर फिरतो. उलट एम-२० चा अँकर असेल तर २० चाच बिट लागतो. अँकरवर जे माप आहे तेच बिटचं माप, आणि बिट कार्बाइडचा, नवा. झिजलेल्या बिटाने भोक लहान पडतं आणि अँकर अर्ध्यात अडकतो. बिट सरळ उतरतोय की नाही हे गुण्या लावून दोन्ही बाजूंनी बघावं. शक्य असेल तिथे भोक स्लॅबच्या आरपार न्यावं; एखादा अँकर खराब झाला किंवा पुढे कधी लिफ्ट हलवली तर तो ठोकून खाली सारता येतो.

भोकातली पूड काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. हवा मारायची, तारेचा गोल ब्रश फिरवायचा, पुन्हा हवा, पुन्हा ब्रश, पुन्हा हवा. पूड राहिली तर ती अँकर आणि काँक्रीट यांच्यात वंगणासारखं काम करते. भोक साफ आहे का हे बोट घालून बघितलं तर कळतं: भिंत खरखरीत लागली पाहिजे, पिठूळ नाही.

अँकर ठोकण्याआधी नट वर चढवून ठेवायचा, वरची किनार नटाच्या तोंडाशी समपातळीत राहील इतका, म्हणजे हातोडीचे घाव आट्यांवर बसत नाहीत. वायसर प्लेटला टेकेपर्यंत ठोकायचं. त्यानंतर शिम. ओळंबा किंवा दोन फुटी लेव्हल खांबाच्या दोन लगतच्या बाजूंना धरून बघायची आणि यू आकाराच्या पोलादी शिम अँकरला चिकटून, बेसप्लेटखाली सरकवायच्या. बहुतेक पुस्तिका १२ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतात. त्याचं कारण साधं आहे: १४० मिलिमीटरच्या अँकरपैकी बेसप्लेट, वायसर आणि नट मिळून चाळीसेक मिलिमीटर खातात. उरलेल्या शंभरातून प्रत्येक मिलिमीटर शिम काँक्रीटमधली पकड कमी करते, आणि ती ८०-८५ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. जास्त फट असेल तर जमीन सुधारावी. लाकडाची पाचर, पत्र्याचे तुकडे, दोन वायसर एकावर एक, असलं काही नाही. शिमच्या मधल्या पोकळीत नॉन-श्रिंक ग्राउट भरलं तर बेसप्लेट सगळीकडून टेकते.

आवळायला टॉर्क रेंचच हवा. पाऊण इंची अँकरला साधारण ११० ते १५० फूट-पौंड, म्हणजे १५० ते २०० न्यूटन-मीटर टॉर्क मागितलेला असतो. इम्पॅक्ट गनने आवळला तर टॉर्क किती गेला ते कळत नाही आणि काँक्रीट आतल्या आत फुटू शकतं. हाताने नट टेकवल्यापासून तीन ते पाच फेऱ्यांत टॉर्क यायला हवा. नट फिरतच राहिला आणि अँकर वर वर येत गेला तर काँक्रीट धरत नाहीये. अशा वेळी लांब अँकर टाकून किंवा भोकात एपॉक्सी ओतून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो एक अँकर कसाबसा बसेल, पण शेजारचे चार त्याच काँक्रीटमध्ये आहेत. तिथे थांबून नवा पाया ओतणं हाच मार्ग. दुसऱ्या दिवशी पुन्हा रेंच लावावा. काँक्रीट थोडं दबतं आणि टॉर्क उतरलेला असतो.

दुसरा खांब लावताना बेसप्लेटचे समोरासमोरचे कोपरे धरून कर्ण मोजायचे. दोन्ही कर्णांत ५-६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. दोन्ही बेसप्लेटची पातळी पाण्याच्या लेव्हल पाइपने जुळवावी. साडेतीन मीटरवर लेसर नसला तरी पारदर्शक नळी अचूक काम देते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये.

वायररोप दोन असतात आणि त्यांचं काम भार उचलणं नाही. भार दोन्ही खांबांतले सिलेंडर उचलतात. एक कॅरेज पुढे जाऊ लागली की रोप दुसरीला बरोबर ओढून घेतात. रोप ओवताना ते पुलीच्या खोबणीत बसलेत, कुठे एकमेकांवर चढलेले नाहीत, आणि पट्टीखाली होज पाइपला घासत नाहीत हे टॉर्च लावून बघावं. ताण द्यायच्या वेळी दोन्ही कॅरेज एकाच क्रमांकाच्या लॉकवर टेकलेल्या हव्यात. खालून लॉक मोजत यावं, नजरेच्या अंदाजाने नाही. रोप चिमटीत धरून दाबला की साधारण १२ मिलिमीटर हलावा, दोन्हीकडे सारखा.

होज जोडण्याआधी त्यांतून हवा मारून घ्यावी. टोकाच्या टोप्या शेवटच्या क्षणापर्यंत काढू नयेत. वाळूचा एक कण पॉवर पॅकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसला तर लिफ्ट सावकाश खाली सरकत राहते. शंकूच्या आकाराच्या फ्लेअर जोडांना टेफ्लॉन टेप लावायची नाही. तिथे धातूवर धातू बसून सील होतं, टेपमुळे उलट गळतं आणि तिचे धागे आत जातात. निमुळत्या आट्यांच्या जोडांना टेप चालते, पहिले दोन आटे मोकळे सोडून. तेल पुस्तिकेत सांगितलेलं, बहुधा आयएसओ ३२ हायड्रॉलिक, दहा ते बारा लिटर, आणि ते कॅरेज पूर्ण खाली असताना भरायचं. कॅरेज वर असताना टाकी काठोकाठ भरली की खाली येताना तेच तेल झाकणातून उसळून बाहेर येतं. ब्रेक ऑइल चुकूनही नाही, सगळी सील फुगून निकामी होतात.

पहिल्यांदा रिकामी लिफ्ट चालवताना ती धक्के देत वर जाते. ही आत अडकलेली हवा. सिलेंडरच्या डोक्याशी ब्लीड स्क्रू असेल तर तेल सलग येईपर्यंत सैल करून बंद करावा, मग पूर्ण वर, पूर्ण खाली अशा काही फेऱ्या. टाकीतलं तेल दुधाळ दिसलं तर पंप कुठून तरी हवा ओढतोय. आधी तेलाची पातळी, मग टाकीतली शोषण नळी तपासावी. मोटर फिरते पण कॅरेज हलत नाही, तेव्हा बहुधा तेल कमी असतं किंवा उतरवायचा व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नसतो. उचललेली लिफ्ट आपोआप खाली येत असेल तर गाडी नसताना उतरवायची दांडी दाबून धरून पंप काही सेकंद चालवला की व्हॉल्व्हवरची घाण धुऊन जाते.

सगळ्यात जास्त वेळ लॉकला द्यावा. बऱ्याच लिफ्टमध्ये एकच दांडी ओढली की दोन्ही खांबांची लॉक सुटतात. दुसऱ्या खांबाला त्यासाठी पातळ केबल जाते. ही केबल जरा जास्त ताणली गेली तर दुसऱ्या खांबाचं लॉक खाचेत पूर्ण बसत नाही, नुसतं टोकावर टेकतं. वर जाताना टक-टक आवाज येतो, म्हणून सगळं ठीक वाटतं. म्हणून झाकण काढून, प्रत्येक खाचेत लॉक पूर्ण शिरतंय का ते डोळ्यांनी बघावं, दोन्ही खांबांत, वरपासून खालपर्यंत. दोन्हीकडचे आवाज एकाच वेळी यायला हवेत. एक आधी, एक नंतर येत असेल तर रोपचा ताण पुन्हा बघावा. उंची मिळाली की लिफ्ट नेहमी थोडी खाली सोडून लॉकवर टेकवायची. तेलाच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीखाली जायचंच नाही.

आर्मच्या मुळाशी दातेरी अटकाव असतो. कॅरेज जमिनीपासून थोडी वर गेली की दात गुंततात आणि आर्म आडवा फिरत नाही. चारही आर्म हाताने जोरात ढकलून बघावेत. दात अर्धवट गुंतत असतील तर अटकावाचे बोल्ट सैल करून दाते नीट बसवून पुन्हा आवळावेत.

पहिली गाडी हलकी घ्यावी. पॅड उत्पादकाने दाखवलेल्या उचल-जागांवरच, चारही एकाच वेळी टेकतील अशी उंची लावून. चाकं जमिनीपासून दहा सेंटीमीटर सुटली की थांबायचं आणि बंपर धरून गाडी पुढे-मागे, आडवी हलवायची. डुलली, नाक खाली गेलं किंवा एखादा पॅड सरकला तर खाली घेऊन जागा बदलायची. ती स्थिर राहिली तरच अर्ध्या मीटरवर नेऊन लॉकवर टेकवायची, बेसप्लेटभोवती काँक्रीटला केसासारखी भेग गेलीय का, शिम सैल झालीय का हे बघायचं, आणि मगच पूर्ण वर. इंजिन, गिअरबॉक्स किंवा मागचा अ‍ॅक्सल काढायचा असेल तेव्हा गुरुत्वमध्य सरकतो. आधी उंच टेकू लावून मगच बोल्ट सोडावेत.

पहिल्या महिन्यात अँकरचा टॉर्क आठवड्याला, पुढे पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने. खांबाच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे कॅरेजचे नायलॉनचे ठोकळे सरकतात, तिथे ग्रीसचा पातळ थर. वायररोपवरून कापडाचं फडकं फिरवावं, उघड्या हाताने नाही. तुटलेली तार असेल तिथे फडकं अडकतं. अशा तुटक्या तारा दिसू लागल्या की रोप बदलायचे, आणि बदलायचे ते दोन्ही एकदम. एक जुना आणि एक नवा ठेवला तर नवा सुरुवातीला ताणून लांबत राहतो, जुना तसाच राहतो, आणि लॉकचा मेळ सारखा घालत बसावं लागतं.